चिमणीची हिरवी शिंगं

आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजच्या पायऱ्या चढलेलं एकच काय ते होतं, आमचं दूध. आबा रोज सकाळी कॉलेजच्या कॅन्टीनला दोन कॅन घालायचे, मागच्या दारानं. पुढच्या दारानं आत गेलेली आणि बी.एस्सी. होऊन बाहेर पडलेली आमच्या सात पिढ्यांतली पहिली मी. हे मी आजही कुणी विचारलं नाही तरी सांगते. निकाल लागला त्या दिवशी आबांनी कॅन्टीनवाल्याला माझी गुणपत्रिका दाखवली. तो म्हणाला, “रसायनशास्त्र व्हय? बरं झालं, दुधात काय काय मिसळलंय ते आता घरातच कळंल.” आबा त्याच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. आमच्या दुधात पाणी कधीच नव्हतं, हे सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण पुढं पाण्याचा विषय येणार आहे.

आमचं घर पंचगंगेच्या अंगाला, गवळ्यांच्या गल्लीत. दोन खोल्या आमच्या आणि चार खणांचा गोठा म्हशींचा, त्यामुळं आपणच म्हशींच्या घरात भाड्यानं राहतो असं आई म्हणायची. जाग यायची ती धारेच्या आवाजानं. रिकाम्या बादलीच्या बुडावर पहिल्या धारा चर्र चर्र वाजायच्या, बादली भरत आली की आवाज जाड व्हायचा, फेसात घुसल्यासारखा, आणि अंथरुणात पडल्या पडल्या मी सांगायची की आज चिमणीनं किती दिलं. चिमणी ही आमची पंढरपुरी म्हैस. नाव चिमणी, अंग रस्त्याच्या रोलरएवढं आणि शिंगं तलवारीसारखी मागं खांद्यापर्यंत गेलेली. आबांचा तिच्यावर आमच्यापेक्षा जास्त जीव होता आणि ते तसं सांगतही. रात्रीची भाकरी धारोष्ण दुधात कुस्करायची, वर तोंडी लावायला मिरचीचा खर्डा, हा आमचा नाश्ता. आईचा स्वभाव बोलका नव्हता. तिचा जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज होता, तेल. गुडघा दुखतोय, तेल. दार करकरतंय, तेल. पोरीचं डोकं अभ्यासानं तापलंय, वाटीभर तेल. माझी पदवी कपाटात ठेवताना तिनं आधी कपाटाच्या बिजागरीला तेल घातलं, मग माझ्या टाळूला.

नोकरी मिळाली ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. आबांनी ‘पंचतारांकित’ एवढाच शब्द ऐकला आणि गल्लीभर सांगून आले की पोरीला हॉटेलात नोकरी लागली. मग त्यांना समजावावं लागलं की हॉटेल नव्हे, पंपांना रंग द्यायचा कारखाना, आणि मी तिथं केमिस्ट. ते जरा हिरमुसले. “म्हंजी रंगारी की!” “रंगारी न्हवं आबा, रंग का निघतोय ते बघायचं.” “निघतोय? मग लावतासा कशाला?” या प्रश्नाचं उत्तर देण्यात माझी पुढची सगळी हयात गेली.

पण नोकरीला एक शेपूट होतं. आत्यानं चंदगडचं स्थळ आणलं होतं. मुलगा एकुलता, काजूची बाग, घरात माणसं कमी आणि पाऊस जास्त. आत्या येताना पिशवीभर काजू घेऊन आली आणि ती पिशवी फडताळात आमच्याकडं बघत बसली. मी रडून, न जेवून शेवटी आबांकडून मुदत मिळवली. आबा म्हणाले, “दिवाळीपतोर नोकरी टिकली तर नोकरी. न्हाय तर काजू.” तेव्हापासून आमच्या घरात लग्नाला काजूच म्हणत. “काजूचं काय ठरलं?” असं शेजारणी आईला विचारायच्या.

कारखान्याचे मालक भूपालआण्णा. शेती विकून कारखाना काढलेला माणूस. बोलणं असं की शेजारच्या कारखान्यात ऐकू जावं, पण मनात काही ठेवायचे नाहीत. मनात ठेवायला जागाच नसावी, सगळं तोंडावाटे बाहेर. आमच्याकडं बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पंपांची कवचं यायची, गंजलेली, खरबरीत. त्यांच्यावर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करायचा, म्हणजे गंज आणि मळ उडून लोखंड राखेसारखं पांढुरकं निघतं. मग त्यावर प्रायमर, मग हिरव्या रंगाचे दोन हात, मग भट्टी. छऱ्यांचा मारा करायचे बापू. बापू एकेकाळचे पैलवान. कान मोडून फुलकोबीसारखे झालेले, मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. पन्नाशी उलटली होती तरी दोन माणसांचा नग एकटे उचलायचे, आणि उचलताना “चल गं माझी बाय” म्हणायचे. मी कारखान्यातली एकटी बाई, त्यात शिकलेली, त्यात बावीस वर्षांची. बाकीचे मला पाण्यात बघत. बापू मात्र पहिल्याच दिवशी आपल्या डब्यातला झुणका माझ्या भाकरीवर घालून म्हणाले, “खा. शिकून शिकून वाळलीयास.”

मी आल्या आल्या पहिलं काम काय केलं, तर भिंतीवर तक्ता लावला. रंगकामाचे नियम, ठळक अक्षरात, खाली माझी इंग्रजीत सही, सहीपुढं बी.एस्सी. चौथा नियम असा: ‘छऱ्यांचा मारा झालेला नग पुसू नये. थेट प्रायमर मारावा.’ पुस्तकात लिहिलं होतं की मारा झालेलं लोखंड सर्वांत स्वच्छ असतं, आणि पुस्तक मला पाठ होतं.

आणि पावसाळा सरता सरता पंप परत यायला लागले. हिरवा रंग नखानं उचकटावा तसा सुटायचा, उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी अखंड साल. आण्णा ती साल हातात धरून कारखानाभर फिरले. “ही बघा! हिचा रुमाल शिवा आता!” सगळेच पंप खराब नव्हते. मी नोंदवही काढून बसले तेव्हा दिसलं की परत आलेला प्रत्येक नग मंगळवारी रंगवलेला आहे. बुधवारचा नाही, शनिवारचा नाही. मंगळवारचाच. मी ही गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगितली आणि तिथंच चुकले, कारण जेवणाच्या सुट्टीपर्यंत निदान झालेलं होतं. देवीचा वार. भट्टीला लिंबू-मिरची लागली, प्रायमरच्या डब्याला हळद-कुंकू लागलं, दर मंगळवारी नारळ फुटायला लागला. आण्णा जैन, त्यांचा यावर विश्वास नव्हता, पण ते म्हणाले, “फोडा. नारळानं रंग चिकटला न्हाय तर चटणी तरी हुईल.” चटणी झाली. रंग निघतच राहिला.

मी अर्थातच या लोकांना हसत होते. माझं निदान शास्त्रीय होतं: हवेतला दमटपणा. मी दमटपणा मोजायचं यंत्र आणायला लावलं. रंगाच्या खोलीत मोठाले दिवे लावले. थिनर बदललं. रंगाच्या कंपनीला इंग्रजीत खरमरीत पत्र लिहिलं, त्यांचं मराठीत नम्र उत्तर आलं की तोच रंग इतरांकडं नीट बसतोय. मग मला चाचणीचं वेड लागलं. रंग धरलाय का नाही हे बघायची साधी रीत आहे. ब्लेडनं सहा रेघा उभ्या मारायच्या, सहा आडव्या, मध्ये पंचवीस चौकटी पडतात. वर चिकटपट्टी घट्ट दाबून बसवायची आणि एका झटक्यात ओढायची. चौकटी जागच्या जागी राहिल्या तर रंग धरला. पट्टीबरोबर आल्या तर निकाल लागला. मी ही चाचणी कारखान्यात केली, एसटीच्या सीटमागच्या पत्र्यावर केली, आणि एका रविवारी आत्याच्या नव्या लोखंडी कपाटावर केली. आत्याचं कपाट पास झालं, मी नाही. तिनं चंदगडला निरोप धाडला की पोरगी हुशार हाय, पण ब्लेड हातात देऊ नका.

एवढं करून एक गोष्ट मी केली नव्हती, ती म्हणजे सुटलेली साल उलटी करून बघणं. आज माझ्या हाताखाली नवी पोरं येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते. पुढून काय बघता, पुढचा रंग सगळ्यांचाच छान असतो. पाठ बघा. पाठ तांबूस असली तर खाली गंज होता. पाठीला पांढरी पूड असली तर धुणं नीट झालं नव्हतं. आणि पाठ गुळगुळीत, आरशासारखी निघाली, तर रंग आणि लोखंड एकमेकांना भेटलेच नव्हते. मध्ये तिसरं कोणीतरी बसलं होतं. पोरं हे वहीत लिहून घेतात. मला हे वहीतून कळलं नाही. मला हे म्हशीनं शिकवलं.

दिवाळीच्या तोंडावर आण्णांनी मला बोलावलं. पंपवाल्या कंपनीचा तपासनीस सुट्टीनंतर येणार होता. सुट्टी संपून कारखाना उघडला की पहिल्या दिवशी चाळीस नग रंगवायचे, तिसऱ्या दिवशी तो तपासणार. “पास झालं तर झालं,” आण्णा म्हणाले. “न्हाय तर बाई, काम जाणार, आणि काम गेल्यावर केमिस्ट ठिऊन मी काय तिला ववाळू? ध्यानात आलं न्हवं?” आलं होतं. घरी फडताळात काजूही होते.

तर अशा मनःस्थितीत मी दिवाळीला घरी बसले आणि आबांनी तेवढ्यात एक उद्योग करून ठेवला. आमच्या कोल्हापुरात पाडवा म्हशींचा. अंग भादरून, गळ्यात घुंगरं, डोक्यावर मोरपिसं, शिंगं रंगवून म्हशी मिरवायच्या; फटफटीचा सायलेन्सर काढून ती समोर पळवायची आणि मागं म्हैस, मालकानं हाक मारली की गर्दीतून वाट काढत येणारी. शिंगांचा रंग दरवर्षी दोन दिवस टिकायचा, आणि कुणाची तक्रार नव्हती. पण यंदा आबा चौकात बसून महादू गवळ्याला सांगून आले होते, “माझी पोरगी रंगाची डाक्टर हाय. तिनं रंगवलेली शिंगं पुढच्या पाडव्यापतोर तशीच ऱ्हातील. न्हाय ऱ्हायली तर माझं नाव बदल.” महादू म्हणजे आबांचा जन्माचा प्रतिस्पर्धी. तो म्हणाला, “नाव काय ठिऊ, ते बी आताच सांगून ठेव.”

मी आण्णांना विचारून उरलेला हिरवा रंग आणि प्रायमर घरी आणला. आबांना भगवा हवा होता, पण कारखान्यात फक्त हिरवा. पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी मी शिंगं हातात घेतली. काचेच्या तुकड्यानं खरवडली, कानस मारली, सोड्याच्या पाण्यानं धुतली, कोरडी केली. इतकी शास्त्रशुद्ध शिंगं महाराष्ट्रात दुसरी नसतील. चिमणी रवंथ करत सगळं सोसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळी झाल्या, चिमणीचीही झाली, आणि मी ब्रश घेऊन गोठ्यात गेले तर शिंगं नुसती झळकत होती. आबा तिच्यावर शेवटचा तांब्या ओतत होते. पाणी शिंगावरनं मोती होऊन घरंगळत होतं, अळूच्या पानावरनं घरंगळावं तसं. मी ते बघितलं. पदवीधर डोळ्यांनी बघितलं. आणि मला काय वाटलं? ‘वा, काय छान घासलीत मी!’ कोरड्या फडक्यानं पुसून मी प्रायमर मारला, त्यावर दाटसर हिरवे दोन हात.

पाडव्याला रस्त्यावर दुतर्फा गर्दी. चिमणी हिरवी शिंगं घेऊन आली तसा महादू ओरडला, “म्हैस हाय का मोटारपंप?” लोक हसले, पण आबा फेट्याचा तुरा सावरत ताठच. फटफटी फडफडत सुटली, चिमणी धाडधाड मागं, मग आबांनी दुसऱ्या टोकाला उभं राहून “चिमणेऽऽ” अशी हाक मारली आणि ती वळून, गर्दी कापत, त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. शिट्ट्या पडल्या. मंडळाचे अध्यक्ष झेंडूचा हार घेऊन पुढं झाले. हार डाव्या शिंगात अडकला. अध्यक्षांनी तो सोडवायला ओढला, चिमणीनं मान झटकली, आणि हाराबरोबर डाव्या शिंगाचा सगळा हिरवा रंग, टोकापासून बुडापर्यंत, एक अखंड साल, मोजा काढावा तसा सर्रकन निघून रस्त्यावर पडला. एक बाई किंचाळली. अध्यक्ष हार हातात घेऊन “मी काय न्हाय केलं, मी काय न्हाय केलं” म्हणत मागं सरले. चिमणीचं एक शिंग हिरवं, एक काळं. महादू पुढं आला, तो मोजा दोन बोटांनी उचलून माझ्यापुढं धरला आणि अगदी आदरानं म्हणाला, “डाक्टरीणबाई, तुमच्या म्हशीचं शिंग पडलंय.”

घरी आल्यावर आबांनी फेटा सोडून खुंटीला टांगला. मी गोठ्यातल्या ओट्यावर बसले. रडायला येत होतं ते शिंगासाठी नव्हे. मला समोर आण्णा दिसत होते, तपासनीस दिसत होता, आणि त्या सगळ्यांच्या मागं चंदगडच्या पावसात काजू वाळत घालणारी मी दिसत होते. हातात तो हिरवा मोजा होता. चाळा म्हणून मी तो उलटा केला. आतली बाजू गुळगुळीत, लखलखीत. बोट फिरवलं तर बोट सरकलं. नाकाशी नेलं. शेंगतेल.

“आई!”

आई करंज्यांचा डबा घेऊन दारात आली. “काय गं?”

“चिमणीच्या शिंगाला तेल कुणी लावलं?”

“मी,” आई म्हणाली. लपवण्यासारखं काय होतं त्यात? “तू बिचारीची शिंगं काचंनं सोलून ठेवलीस. पांढरी फटक पडली ती. पहिल्या आंघोळीला सगळ्यांना तेल लावलं, तुला लावलं, तिला नको? मुक्या जनावराला सणाचं तसंच ठेवू? चांगलं चोळून जिरवलंय. मग रंगाच्या आधी पुसलं बी हाय फडक्यानं. तुझ्या रंगाला डाग पडाया नको म्हणून.”

मी मोज्यावर पुन्हा बोट फिरवलं. सोललेली, उघडी पडलेली शिंगं. सण. सणाचं तसंच कसं ठेवायचं. तेल. आणि मग फडक्यानं पुसणं, डाग पडू नये म्हणून. आमच्या कारखान्याची सुट्टी सोमवारी. रविवारी संध्याकाळी मारा केलेले नग सोमवारभर उघडे पडून राहायचे आणि मंगळवारी सकाळी रंगायचे. देवीचा वार नव्हता, दमटपणा नव्हता, थिनर नव्हतं. कारखान्यात कुणीतरी माझ्या लोखंडावर माया करत होतं.

सुट्टी संपल्यावर मी पहिल्या एसटीनं कागलला गेले, डब्याच्या पिशवीत हिरवा मोजा घेऊन. चाळीस नग मांडून ठेवलेले होते, दिवाळीआधी मारा केलेले, आठवडाभर पडून असलेले, आणि एकावरही गंजाचा ठिपका नाही. खरं म्हणजे तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्याकडच्या हवेत उघडं लोखंड एका रात्रीत तांबूस पडतं. मी तांब्याभर पाणी घेतलं आणि पहिल्या नगावर ओतलं. स्वच्छ लोखंडावर पाणी चादरीसारखं पसरतं. इथं ते मोती होऊन घरंगळलं. दुसऱ्यावर ओतलं, मोती. तिसऱ्यावर, मोती.

“अगं ए बाई!” मागून आण्णांचा आवाज आला, त्यामागं अख्खा कारखाना. “दिवाळी संपली की! लोखंडाला कसली आंघोळ घालतीस? परवा तपासणी हाय!”

मी काही बोलायच्या आत बापू गर्दीतून धावत आले. “थांब थांब, पोरी, काय केलंस हे, गंजंल की सगळं!” असं म्हणत त्यांनी गळ्यातल्या टॉवेलनं पाणी टिपलं, छऱ्यांच्या पिंपामागं हात घातला, एक बाटली काढली, तळहातावर तेल घेतलं आणि पहिल्या नगाच्या पाठीवरनं असा हात फिरवला, जसा तालमीत आखाड्यात उतरायच्या आधी पोराच्या पाठीवरनं फिरवतात.

आण्णा बाटलीकडं बघताहेत, मी बाटलीकडं बघतेय, बापू सगळ्यांकडं बघताहेत.

“बापू,” आण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “हे कवापासनं?”

“जुलैपासनं की. तुमीच वराडला न्हवं का, सोमवारचं लोखंड गंजतंय, बापूचं ध्यान न्हाय म्हणून? तवापासनं रविवारी हात फिरवतोय. घरचं शेंगतेल हाय, कारखान्याचं न्हवं! मंगळवारी सकाळी पुसून बी ठेवतोय. उघडं अंग टाकून कुणी सुट्टीवर जातंय व्हय?”

आण्णांचा चेहरा गंजासारखा तांबूस झाला. बापूंना घरी बसवायचे शब्द त्यांच्या ओठावर आले होते, हे सगळ्यांना दिसत होतं. आणि बापूंनाही ते आता दिसलं. एवढा मोठा माणूस, पण हातातली बाटली कुठं ठेवावी हे त्याला कळेना. आता माझ्यापुढं सोपी वाट होती. कारण सापडलं होतं, गुन्हेगार सापडला होता, केमिस्ट जिंकली होती. पण भिंतीवर माझा तक्ता होता आणि त्याच्यावर माझी सही होती.

“आण्णा, चूक माझी हाय,” मी म्हणाले. “चौथा नियम बघा. मारा झालेला नग पुसू नये. पुसला असता थिनरनं, तर तेल पहिल्याच मंगळवारी निघालं असतं. बापूंनी तेल लावलं, पण पुसायचं न्हाय असं मी लिहून दिलं. सहीसकट.”

आण्णांनी तक्ता वाचला. मग माझ्याकडं बघितलं, मग बापूंकडं. “म्हंजी एक शिकून चुकली आणि एक न शिकता चुकला. माझ्या नशिबी दोन्ही.” मग मूळ आवाज परत आला. “बघताय काय? पुसा!”

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून चाळीस नग पुसले. एक फडकं थिनरमध्ये ओलं, त्यानं तेल उचलायचं. लगेच मागून दुसरं कोरडं, नाही तर तेच तेल सगळीकडं पसरतं. फडकं मळलं की टाकायचं, मोह करायचा नाही. मग बापूंनी पुन्हा छऱ्यांचा मारा केला, मी पुन्हा पाणी ओतून बघितलं, आणि या वेळी पाणी चादरीसारखं पसरलं. बापूंनी ते बघून “आयला!” एवढंच म्हटलं. ओले केलेले नग गरम हवेनं वाळवले आणि संध्याकाळच्या आत सगळ्यांवर प्रायमर चढला. नवा नियम बापूंनीच सांगितला: “जे सकाळी सोललं, ते सांजच्या आत झाकायचं. रविवारी दुपारनंतर सोलायचंच न्हाय. मग तेलाचं कामच काय?” मी तक्त्यावरचा चौथा नियम खोडून हा लिहिला. सही केली नाही.

तिसऱ्या दिवशी तपासनीस आला, पुण्याकडचा, चष्मेवाला, बोलणं कमी. त्यानं एक नग निवडला, ब्लेड काढलं, सहा उभ्या, सहा आडव्या. बापूंनी पाठ फिरवली. म्हणाले, कुस्ती निकालाला आली की मला बघवत न्हाय. पट्टी बसवली. माझ्या डोळ्यांपुढं काजू. सर्रकन पट्टी ओढली. त्यानं ती दिव्याकडं धरली, कोरी. नगाकडं वाकून बघितलं, पंचवीसच्या पंचवीस चौकटी जागच्या जागी. “ठीक आहे,” तो म्हणाला. एवढंच. आणि मागून असा आवाज झाला की तो माणूस दचकून ब्लेड टाकून बसला. बापूंनी शड्डू ठोकला होता.

घरी सांगितल्यावर आबा उठले, फडताळातली काजूची पिशवी काढली, फोडली, आणि पहिली मूठ चिमणीला दिली. आत्या त्यानंतर दोन वर्षं आली नाही. मी त्याच कारखान्यात एकवीस वर्षं काढली आणि लग्न केलं ते नंतर, माझ्या पसंतीनं, काजूशी काही संबंध नसलेल्या माणसाशी.

पण आबांची पत अजून रस्त्यावरच पडलेली होती. पुढच्या पाडव्याला मी चिमणीची शिंगं पुन्हा रंगवली. या वेळी आईला मी स्पष्ट सांगितलं होतं, अंगाला लाव, कपाळाला लाव, माझ्या डोक्याला लाव, शिंगाला बोट लावू नकोस. तिनं तेलाची सगळी वाटी माझ्या डोक्यावर ओतून सूड घेतला, दिवाळीनंतर कारखान्यात गेले तर बापू तांब्या घेऊन उभे, “डोस्क्यावर पाणी वतून बघू का, बाई?” शिंगं मात्र मी खरवडली, थिनरनं दोन फडक्यांनी पुसली, पाणी ओतून बघितलं आणि तासाभरात प्रायमर चढवला. रंग पाडव्याला टिकला. होळीला टिकला. पावसाळ्यात चिमणी नदीत डुंबली, भिंतीला शिंगं घासली, महादूच्या म्हशीशी टक्कर घेतली, तरी टिकला. त्याच्या पुढच्या पाडव्याला आबा म्हणाले, आता भगवा लाव. आणि तो हिरवा निघेना. काच झाली, कानस झाली, शेवटी चिमणीनं लाथ घातली तेव्हा आबांनी नाद सोडला. बुडाशी दरवर्षी बोटभर काळं शिंग नवं वाढायचं, पण वरची तलवार हिरवी ती हिरवीच.

शेवटपर्यंत ती तशीच होती. दूध न्यायला येणारा प्रत्येक नवा माणूस एकदा शिंगांकडं बघायचा आणि विचारायचा, हा असला पंपाचा रंग कशापायी दिलाय, काढून टाका की. आबा धारेवरून मान वर न करता सांगायचे, “पोरगीची डिग्री हाय ती, पावणं. निघत न्हाय.”